वाट कुठे अडते हे सांगणारा नकाशा

शहरी ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत धावण्याच्या खेळाच्या, स्प्रिंट प्रकारात धावपटूला नकाशा मिळतो तो थेट सुरुवातीच्या रेषेवर, आणि विजेत्याची धाव साधारण १२ ते १५ मिनिटांत संपते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार २००१ साली फिनलंडमधील ताम्पेरे येथे प्रथम खेळवला गेला. गल्ल्या, जिने, चौक आणि बागा पार करत ठरलेल्या क्रमाने एकेक कंट्रोल, म्हणजे झेंडा लावलेली खूण, गाठायचा असतो. दोन कंट्रोलमधली वाट मात्र ज्याने त्याने शोधायची.

या नकाशाचे नेहमीचे प्रमाण १:४००० असते, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर भरतो. सह्याद्रीतल्या भटक्यांच्या ओळखीच्या १:५०,००० टोपोशीटवर तेवढ्याच जागेत अर्धा किलोमीटर मावतो. इथे जिन्याच्या पायऱ्याही आडव्या रेघांनी दाखवलेल्या असतात. रस्त्यांची नावे मात्र नसतात, आणि धावताना त्यांचा उपयोगही नसतो.

इमारती गडद करड्या आणि काळ्या कडेच्या. इमारतीखालून आरपार जाता येत असेल तर तो भाग फिकट करडा. फरसबंद जागा फिकट तपकिरी, मोकळे मैदान पिवळे, पाणी निळे. पांढरा रंग नवख्याला हमखास फसवतो: ती रिकामी जागा नसून सहज धावता येईल अशी झाडी असते. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. मार्ग जांभळ्या रंगात छापतात: त्रिकोण म्हणजे सुरुवात, वर्तुळ म्हणजे कंट्रोल, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट.

खरी कसोटी अडथळ्यांच्या खुणांची. कुंपणाच्या रेषेला एकेक तिरकी रेघ असेल तर ते ओलांडता येते. रेघा जोडीने असतील तर ते ओलांडण्यास बंदी. जाड काळी रेषा म्हणजे मनाई असलेली भिंत, काळ्या कडेचे निळे पाणीही तसेच. पोपटीकडे झुकणारा मळकट हिरवा रंग खासगी बाग किंवा फुलांचे वाफे दाखवतो. वाफा घोट्याएवढाच उंच असला आणि सहज उडी मारता येत असली, तरी त्यात पाय ठेवणारा बाद होतो. हा नियम कठोर वाटतो, पण त्यामुळेच उंच उडी मारणाऱ्याला फुकटचा फायदा मिळत नाही आणि शहरातल्या लोकांची बागही वाचते. म्हणून अनुभवी धावपटू आधी बंद जागा हेरतो आणि मग फट शोधतो.

२०१४ सालची जागतिक स्प्रिंट अंतिम फेरी व्हेनिसमध्ये झाली. तिथे कालवा ओलांडायचा तर पूल गाठावाच लागतो. कंट्रोल पलीकडच्या काठावर अगदी समोर दिसत असला तरी चुकीच्या बोळात शिरलेल्याला पुन्हा मागे यावे लागते.

वर्तुळाच्या मध्याशी काय आहे, हे चिन्हांच्या वेगळ्या पट्टीवर असते. तिच्या आठ रकान्यांपैकी पहिल्यात कंट्रोलचा क्रम, दुसऱ्यात त्याचा सांकेतिक अंक, चौथ्यात खूण (भिंत, झाड, जिना) आणि सातव्यात झेंडा तिच्या कोणत्या बाजूला आहे ते. भिंतीच्या बाबतीत हा सातवा रकाना न वाचणे महागात पडते, कारण झेंडा भिंतीपलीकडे निघाला तर पुन्हा मोठा वळसा पडतो.

धावताना नकाशा जमिनीच्या दिशेशी जुळवून धरतात आणि अंगठा आपल्या ठिकाणावर सरकवत नेतात. अवघड जागा उरतात त्या एकावर एक असलेल्या वाटांच्या, उदाहरणार्थ पूल आणि त्याखालचा बोगदा. सपाट कागदावर दोन्ही पातळ्या पूर्ण काढता येत नाहीत, म्हणून नकाशाकार धावण्याची मुख्य पातळी दाखवतो आणि खालची वाट तुटक खुणांनी सुचवतो.