कूर्मगतीचें कौशल्य

आगगाडीचें खेळणें घरांत आलें कीं मुलें प्रथम एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे गाडी किती जोरानें पळते. परंतु या खेळण्याची खरी परीक्षा वेगांत नसून मंदगतींत आहे, असें आम्हांस वाटतें. जर्मनींतील शंटिंगच्या डिझेल इंजिनांच्या प्रतिकृति पाहिल्या म्हणजे हें ध्यानांत येतें.

शंटिंगचें इंजिन हा यार्डांतील राबता गडी. डबे आणावे, जोडावे, सोडवावे. प्रवासाचें श्रेय मात्र दुसऱ्या इंजिनास! जर्मनींत १९३० च्या सुमारास लहान स्थानकांकरितां ‘कोफ’ जातीचीं ठेंगणीं इंजिनें निघालीं. पुढें १९५५ पासून पश्चिम जर्मनींत ६५० अश्वशक्तीचें, सहा चाकांचें ‘व्ही ६०’ आलें. मार्क्लिन, फ्लाइशमन इत्यादि जर्मन कारखान्यांनीं या इंजिनांच्या प्रतिकृति काढिल्या आहेत.

‘व्ही ६०’ ची लांबी सुमारें साडेदहा मीटर. ८७ व्या हिश्शाची प्रतिकृति १२ सेंटिमीटर भरते. वजन मात्र घनाच्या नियमानें ६,५८,५०३ पटीनें घटावयाचें. म्हणजे ४८ टनांचे अवघे ७३ ग्रॅम! इतकें हलकें यंत्र रुळास नीट बिलगत नाहीं, आणि वीज तर रुळांतूनच घ्यावयाची. धुळीचा एक कण आडवा आला कीं तें थबकतें. भरधाव इंजिन वेगाच्या भरांत तेवढी जागा ओलांडतें. हळू चालणाऱ्यास ती सवलत नाहीं. म्हणून कारागीर सांगाडा जड धातूचा ओततात, मोटारीच्या आंसावर लहानसें गतिचक्र बसवितात. अलीकडे वीज क्षणभर सांठविणारा कॅपॅसिटरही घालतात. ताशी ५ किलोमीटरांची चाल या प्रमाणांत सेकंदास १६ मिलिमीटर होते. त्या चालीनें न अडखळतां सांधा ओलांडून डब्यास अलगद टेंकणें, हें खरें कसब. मार्क्लिनच्या कांहीं प्रतिकृतींत ‘टेलेक्स’ नांवाची योजना आहे. तिच्या योगें हात न लावतां डबा सुटतो.

आम्हीं आयुष्य वर्गांत घालविलें. चटकन् उत्तर देणाऱ्या मुलाची पाठ आम्हीं पुष्कळदां थोपटली. सावकाश, पण बिनचूक गणित सोडविणाऱ्याकडे मात्र आमचें दुर्लक्ष झालें, याची आज खंत वाटते. तेव्हां वाचकहो, नातवाची गाडी पाहावयास बसाल त्या वेळीं ‘जोरांत सोड’ असें न म्हणतां ‘अगदीं हळू चालवून दाखीव’ असें म्हणून पाहा.