शंभर-दीडशे रुपयांत गळाची सुट्टी

सुट्टीचा दिवस आला की मुलांना न्यायचे कुठे, हा प्रश्न आपल्या घरांत ठरलेलाच. वॉटर पार्क म्हटले तर पाच जणांच्या तिकिटांतच आठवड्याचा बाजार उडून जातो. मग मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात आणि अब्बांची सुट्टी झोपेत सरते. आम्ही भीमाकाठचे लोक. उजनीचे पाणी जवळ असल्यामुळे आम्ही चार-पाच घरांनी यावर साधा उपाय काढला आहे : गळ टाकायला जाणे.

दुकानातली चकचकीत काठी घ्यायची गरज नाही. आठ-दहा फुटांचा सरळ, वाळलेला बांबू पुरतो. तंगूस आणि गळांची पुडी एवढेच विकत घ्यावे लागते. शंभर-दीडशे रुपयांत दोन-तीन काठ्या तयार होतात. तंगूस काठीएवढाच लांब ठेवावा, म्हणजे मुलांच्या हातात गुंता होत नाही. तरंगण्यासाठी जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा बांधावा. वजनाला शिसे नको, कारण ते विषारी असते आणि मुले सहज तोंडात घालतात. पाण्यातले हंस शिशाने मरू लागले म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. सायकलचा एखादा बारीक नट तेच काम करतो.

आमिष तर फुकटच. मोरीजवळच्या ओल्या मातीत गांडुळे सापडतात. नाहीतर घट्ट कणकेत चिमूटभर हळद आणि थोडा कापूस मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या कराव्यात. कापसामुळे कणीक पाण्यात लवकर सुटत नाही. गळ टाकण्याआधी शिळ्या भाकरीचा मूठभर चुरा पाण्यात टाकला की मासे जवळ येतात.

वेळ फजरनंतरची किंवा असरनंतरची. भर उन्हात मासे खोल पाण्यात जातात. रबर नुसते हलले तर थांबावे, पाण्याखाली गेले की काठी हलकेच वर उचलावी. झटका दिला तर मासा सुटतो.

आमच्याकडे बहुतेक वेळा चिलापीच लागते. हा मासा आपला नव्हे. १९५२ मध्ये तो बाहेरून भारतात आणला गेला आणि इथल्या माशांची जागा बळकावत गेला. म्हणून चिलापी खुशाल घरी आणावी. रोहू, मृगळ यांची पिल्ले आणि पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी मात्र ओल्या हाताने धरून परत सोडावी. शिंगटा लागला तर मुलांना हात लावू देऊ नये, त्याचे काटे जोरात टोचतात. खाण्यापुरते मिळाले की गळ गुंडाळावा. नासाडी करण्यासाठी मासा धरणे आपल्याला शोभत नाही.

दोन गोष्टी आम्ही कधीच सोडत नाही. पहिली परवानगी. अनेक तलाव आणि धरणे मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असतात आणि त्यावर कित्येकांच्या चुली पेटतात. आधी विचारावे, नाही म्हणाले तर दुसरे पाणी शोधावे. दुसरी सुरक्षा. धरणातून पाणी सोडणार असतील त्या दिवशी नदीकाठी जाऊ नये. विजेच्या तारांखाली काठी उभी करू नये. लहान मुले काठापासून चार पावले मागे बसवावीत आणि प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस असावे. सांडपाण्याचा वास येतो तिथला मासा घरी आणू नये. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

रोज मासा मिळतोच असे नाही. पण तास-दोन तास पाण्याकडे बघत बसले की मुले आपोआप बोलू लागतात. शाळेत कोण त्रास देते, कोणता विषय जड जातो, अब्बा रात्री उशिरा का येतात, हे सगळे आम्हाला काठावरच कळले. घरी प्रश्न विचारून जे निघत नाही, ते शेजारी बसून निघते. मगरिबच्या आत घरी परतावे. पिशवीत चार चिलापी असल्या तर अम्मीच्या हातचे कालवण होते, नसल्या तर डाळ-भात आहेच.