एमआरआय नॉर्मल, तरी मुलगा विसरतो: स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीला स्मरणशक्तीचे काय होते?

मुलाला स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन काही महिने झालेत. गोळ्यांनी कानात येणारे आवाज थांबले, संशय निवळला, घरच्यांना हायसे वाटले. पण आईने "खालून दूध आण, येताना इस्त्रीचे कपडे घे आणि वॉचमनकडचे पार्सल आण" असे सांगितले, की तो फक्त दूध घेऊन येतो. पुस्तकाचे एकच पान तीन-तीनदा वाचतो. मग पालक एमआरआयची पिशवी घेऊन दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे हा आळसच ना?"

आळस नाही. विसरणे हा या आजाराचाच भाग आहे. 'देवराई' (२००४) या चित्रपटामुळे अनेक मराठी घरांना भास आणि संशय कळले, पण विसरण्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. खरे तर लक्ष आणि स्मरणशक्तीच्या तक्रारी अनेकदा आवाज ऐकू येण्याच्या आधीच सुरू झालेल्या असतात. कॉलेजात मार्क घसरतात आणि खापर मोबाइलवर फुटते. (मार्क घसरलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार असतो असे मात्र नाही.)

दूध, कपडे, पार्सल ही यादी काही मिनिटे डोक्यात धरून ठेवायला कपाळामागचा मेंदूचा भाग लागतो. ऐकलेले, वाचलेले पक्के साठवायला कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस लागतो. स्किझोफ्रेनियात या दोन्ही भागांचे काम आणि त्यांच्यातला ताळमेळ बिघडतो. आजाराच्या पहिल्या झटक्यातल्या रुग्णांचे एमआरआय तपासले, तर हिप्पोकॅम्पस निरोगी समवयस्कांपेक्षा सरासरी थोडा लहान आढळतो. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या झाल्याचे तर १९७६ मध्येच लंडनच्या नॉर्थविक पार्कमधल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर दाखवले होते. ते रुग्ण मात्र जुने होते.

इथे 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा. शेकडो जणांची तुलना केल्यावर दिसणारा हा फरक एकट्या तुमच्या मुलाच्या फिल्मवर ओळखता येत नाही. अनेक निरोगी माणसांचाही हिप्पोकॅम्पस लहान असतो. म्हणून एमआरआयवरून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही आणि तो नॉर्मल आला म्हणून आजार नाही असेही ठरत नाही. मग डॉक्टर तो का सांगतात? गाठ, मेंदूज्वर अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहायला. थायरॉइड आणि बी१२ च्या तपासण्याही त्याचसाठी. 'खात्री करायला' दर वर्षी पुन्हा एमआरआय काढणाऱ्यांना मी ते पैसे वाचवा असेच सांगतो.

गोळ्यांनी भास जितके आटोक्यात येतात, तितकी स्मरणशक्ती सुधारत नाही. पण म्हणून गोळ्या बंद करू नका, आजार उलटला तर नुकसान जास्त होते. एक गोष्ट मात्र जरूर विचारा. हात थरथरणे, अंग आखडणे यावर ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी देतात. तिच्यामुळेही विसरायला होते. ती अजून लागते का, हे मनोविकारतज्ज्ञांना विचारा, परस्पर थांबवू नका. गांजा ओढण्याची सवय असेल तर तेही लपवू नका. त्याने स्मरणशक्ती आणि आजार दोन्ही बिघडतात.

घरी एका वेळी एकच काम सांगा. तीन कामे असतील तर चिठ्ठी द्या किंवा मोबाइलवर रिमाइंडर लावा. गोळ्यांसाठी वारांची डबी आणा, कारण गोळी घेतल्याचेही तो विसरू शकतो. रोज चालणे आणि पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. लक्ष आणि स्मृतीचे सराव करून घेणारी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाची उपचारपद्धतीही आहे. ती कुठे मिळेल ते तज्ज्ञांना विचारा. कॉलेज लगेच सोडवू नका. शक्य असेल तर यंदा कमी विषय घेऊ द्या.

अजून कोणाला दाखवलेच नसेल, तर जुहूच्या कूपर किंवा सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. जीव देण्याची भाषा किंवा हिंसक वागणे असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या.