बेसबॉल कार्डे कोणी छापली?

सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला पहिली कसोटी जिंकली. त्याच वर्षी ब्रुकलिनच्या 'टॉप्स' या च्युइंगगम कंपनीने बेसबॉलपटूंचा ४०७ कार्डांचा संच बाजारात आणला : पुढे रंगीत चित्र, मागे धावांचा हिशेब. शेवटच्या हप्त्यातली न खपलेली कार्डे पडून राहिली आणि १९६० मध्ये कंपनीने ती चक्क अटलांटिक महासागरात बुडवली! त्याच हप्त्यातल्या मिकी मँटलच्या एका कार्डाला २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर आले, म्हणजे सुमारे १०० कोटी रुपये.

च्युइंगगमच्या आधी अशी चित्रे सिगारेटच्या पाकिटातून येत. गमबरोबर कार्ड देण्यात १९३३ मध्ये 'गौडी' गाजली, १९४८ पासून 'बोमन'. बोमनला १९५६ मध्ये टॉप्सनेच गिळले. पुढे टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्ध 'फ्लीअर' कंपनी कोर्टात गेली. १९८१ पासून तिची आणि 'डॉनरस'ची कार्डे आली. पण गमसोबत कार्ड विकण्याचा हक्क टॉप्सकडेच राहिला, म्हणून फ्लीअरने स्टिकर दिले, डॉनरसने जोडचित्राचे तुकडे. १९८९ मध्ये 'अपर डेक'ने होलोग्राम लावून नकली मालाला चाप लावला. टॉप्स २०२२ पासून 'फॅनॅटिक्स'ची आहे.

आपल्याकडे हाच धंदा 'बिग फन' बबलगमने क्रिकेटवर केला. सांगली-साताऱ्यात कुणाच्या ट्रंकेत ती कार्डे उरली असतील, तर रद्दीत घालू नका.