अपरिचित आज्ञावलीचा परिचय : मुक्त स्रोत मेळाव्यांचे महत्त्व

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे गाव खनिज पट्ट्यात वसलेले आहे. खाणी, ट्रक व बार्ज यांवर या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून होता. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा एकाच व्यवसायावर विसंबून राहण्यातील धोका सर्वांच्याच प्रत्ययास आला. अशा गावांतील तरुणांना व शिक्षकांना अल्प खर्चात आत्मसात करता येईल असे एक कौशल्य म्हणजे मुक्त स्रोत आज्ञावलींचे ज्ञान होय.

मुक्त स्रोत म्हणजे काय?

संगणकाकडून काम करून घेणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर, म्हणतात. बाजारातील पुष्कळशा आज्ञावलींची मूळ संहिता गुप्त असते व वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागते. मुक्त स्रोत आज्ञावलीची संहिता मात्र कोणासही वाचता येते, सुधारता येते आणि इतरांस देता येते. भजनातील चाल ऐकून शिकावी, तीत आपली भर घालावी व पुढील पिढीच्या हाती द्यावी, तसाच हा व्यवहार आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये आरंभिलेले लिनक्स याच रीतीने जगभर वाढले.

मेळाव्यात काय घडते?

अशा आज्ञावलींचे रचनाकार परस्परांपासून दूर राहून काम करतात व मेळाव्यांच्या निमित्ताने एकत्र येतात. नोव्हेंबर 2011 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीचा मेळावा भरला होता. सप्टेंबर 2023 मध्ये ‘डेबियन’ प्रणालीची जागतिक परिषद भारतात प्रथमच, केरळातील कोची येथे पार पडली. व्याख्यानांखेरीज येथे कार्यशाळाही होतात, आणि ज्याने आज्ञावली लिहिली त्यालाच आपली शंका विचारण्याची संधी लाभते.

आपणांस काहीच येत नाही, इंग्रजीही जेमतेम आहे, या संकोचापायी अनेकजण अशा ठिकाणी जाण्याचे टाळतात. हा संकोच अनाठायी आहे. नित्य वापरणाऱ्यास ज्या उणिवा जाणवेनाशा होतात, त्या नवख्यास प्रथमच खटकतात. त्यामुळे त्याचा प्रश्न रचनाकारासही मोलाचा वाटतो.

पूर्वतयारी आवश्यक

मेळाव्यास जाण्यापूर्वी संबंधित आज्ञावली संगणकावर बसवून पाहावी. काम जेथे अडले ती जागा व पडद्यावर उमटलेला संदेश वहीत जसाच्या तसा टिपून ठेवावा. सर्वच व्याख्याने ऐकण्याचा अट्टहास न धरता एखादी कार्यशाळा पूर्ण करावी. संहिता लिहिणे न जमल्यास भाषांतराचे कार्यही तितकेच उपयुक्त ठरते. पडद्यावरील शब्द मराठीत वा कोकणीत आणण्यासाठी भाषेच्या शिक्षकांइतके योग्य साहाय्यक क्वचितच मिळतील.

एका मेळाव्याने कोणी तज्ज्ञ होत नाही, अथवा लगेच नोकरीही मिळत नाही. तथापि, कोणास विचारावे व कसे शिकावे हे तेथे उमगते. परतल्यावर तीच आज्ञावली गावच्या शाळेतील संगणकावर बसवून चार मुलांना दाखविली, तर प्रवासाचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.