त्रिगती व मालवाहू सायकली, इंग्लिश

मागील चाकाच्या तुंब्यात तीन वेगवेगळी गतिगुणोत्तरे देणारी दंतचक्रमाला बसविलेल्या आणि विसाव्या शतकात मुख्यत्वे नॉटिंगॅम, बर्मिंगॅम व कॉव्हेंट्री या इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत तयार झालेल्या पोलादी सायकलींस इंग्लिश त्रिगती सायकली म्हणतात. याच कारखान्यांतून दुकानदारांसाठी पुढे मोठी टोपली असलेल्या भक्कम मालवाहू सायकलीही तयार होत. या सायकली मूळ स्वरूपात टिकविणे व चालत्या करणे ही आता छंदाइतकीच यांत्रिक वारसा जतन करण्याची बाब ठरली आहे.

इतिहास : फ्रँक बोडन यांनी नॉटिंगॅममधील रॅले रस्त्यावरचा सायकलींचा एक लहान कारखाना विकत घेऊन १८८८ मध्ये त्यास कंपनीचे रूप दिले. रस्त्याचे नावच पुढे सायकलीचे नाव झाले. त्या काळी सायकलीस एकच गतिगुणोत्तर असे व चढावर स्वारास उतरून चालावे लागे. ही अडचण दूर करणारा त्रिगती तुंबा बोडन यांच्या पुढाकाराने १९०२ च्या सुमारास बाजारात आणण्याची तयारी झाली. त्यास पत्रकार हेन्री स्टर्मी व यंत्रज्ञ जेम्स आर्चर यांची नावे मिळाली. तथापि त्यामागील मुख्य कल्पकता विल्यम रायली यांची होती. रायली यांनी आधी द्विगती तुंबा शोधून काढला होता. परंतु त्याच्या हक्कांबाबतच्या करारामुळे नव्या शोधाचे एकस्व (पेटंट) त्यांना स्वतःच्या नावे घेता आले नाही व ते सहकारी आर्चर यांच्या नावे घेण्यात आले. लक्षावधी तुंब्यांवर कोरल्या गेलेल्या नावांत खऱ्या संशोधकाचे नाव नाही, हे नंतरच्या इतिहाससंशोधनातून स्पष्ट झाले.

‘एडब्ल्यू’ हा सर्वांत यशस्वी त्रिगती तुंबा १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला. रॅले कंपनीने हंबर (१९३२) व रज (१९४३) या सायकलींचे हक्क घेतले. १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभागही तिच्याकडे आला. १९६० मध्ये ती ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहात विलीन झाली व हर्क्युलस, फिलिप्स ही नावेही तिच्या छत्राखाली आली. मोटारींचा प्रसार आणि साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या डीरेलर सायकलींची लोकप्रियता यांमुळे १९७० नंतर त्रिगती सायकलींची मागणी घटली. २००० मध्ये स्टर्मी-आर्चर कंपनी बंद पडून तिची नावे व यंत्रसामग्री तैवानमधील सनरेस कंपनीकडे गेली. नॉटिंगॅममधील सायकलजुळणी २००२ मध्ये थांबली.

रचना व कार्य : ‘एडब्ल्यू’ तुंब्याच्या आसावर २० दात्यांचे सूर्यचक्र पक्के बसविलेले असते. त्याभोवती प्रत्येकी २० दात्यांची चार ग्रहचक्रे एका पिंजऱ्यात फिरतात आणि त्यांच्या बाहेर आतून ६० दाते असलेले वलयचक्र असते. साखळीने पिंजरा फिरविला व वलयचक्राकडून तुंब्यास गती मिळाली, तर तुंबा साखळीच्या चक्रापेक्षा एक तृतीयांश अधिक फिरतो. ही उच्च गती होय. याउलट वलयचक्र फिरविले व पिंजऱ्याकडून गती घेतली, तर तुंबा पाऊणपट फिरतो; ही चढावरची नीच गती होय. मध्य गतीत साखळीचे चक्र व तुंबा एकाच वेगाने फिरतात. पुढील चक्रास ४६ व मागील चक्रास १८ दाते असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात मागील चाकाचे फेरे अनुक्रमे सु. १·९, २·६ व ३·४ होतात. गती पायटे न फिरविता, उभ्या सायकलीवरही बदलता येते. सिग्नलपाशी थांबणाऱ्या शहरी स्वारास ही मोठी सोय असते. सर्व यंत्रणा बंदिस्त असल्याने चिखल व पाऊस यांपासून तिचे संरक्षण होते.

या सायकलींचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘रोडस्टर’ या प्रकारात २८ इंची चाके, मागे कललेली चौकट, सळयांचे ब्रेक व बहुधा पूर्ण बंद साखळीपेटी असते; वजन सु. २० किग्रॅ. भरते. सळईच्या ब्रेकचे रबर धावेवर आऱ्यांच्या बाजूने दाबले जाते. ‘स्पोर्ट्‌स’ या प्रकारात २६ इंची चाके, तारेचे चिमटा-ब्रेक व अधिक उभी चौकट असते. जुन्या इंग्लिश प्रथेप्रमाणे पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० आरे असतात.

मालवाहू प्रकार : खाटीक, पाववाले व वाणी यांचा माल घरोघर पोचविण्यासाठी बनविलेल्या या सायकलींत चौकटीच्या नळ्या जाड असून मधल्या त्रिकोणात दुकानाचे नाव रंगविलेली पत्र्याची पाटी असे. ‘लो ग्रॅव्हिटी’ प्रकारात पुढील चाक मुद्दाम लहान ठेवलेले असते. त्यामुळे टोपली खाली येऊन भाराचा गुरुत्वमध्य खालावतो. टोपलीचा सांगाडा हँडलला न जोडता चौकटीला जोडलेला असल्याने वळताना भार वळत नाही व हँडल हलके राहते. नव्या स्वारास मात्र हँडल वळले तरी टोपली सरळच राहते हे पाहून प्रथम गोंधळल्यासारखे होते. १९२६ मध्ये स्थापन झालेली पॅशली ही कंपनी अशा सायकलींसाठी प्रसिद्ध असून ब्रिटिश टपालखात्यासही तिने सायकली पुरविल्या. १९७३ मधील होव्हिस पावाच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत शाफ्ट्सबरी येथील चढावर पावाची सायकल ढकलत नेणारा मुलगा दिसतो. ती जाहिरात निघाली तेव्हा दुकानाचा सायकलवाला पोऱ्या इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला होता.

जीर्णोद्धार : पहिले काम सायकलीची ओळख पटविण्याचे असते. अनेक स्टर्मी-आर्चर तुंब्यांवर निर्मितीचे वर्ष व महिना ठोकलेले असतात. तथापि चाक मागाहून बदललेले असू शकते, म्हणून चौकटीचा क्रमांक, दिवे, खोगीर व रंग यांच्याशी ते ताडून पाहावे लागते. पायट्यांचे पुढील चक्रही बोलके असते : रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी, रजच्या चक्रात हात व हंबरच्या चक्रात पाच मानवाकृती कोरलेल्या असतात.

बंद पडलेला तुंबा बहुधा मोडलेला नसतो; घट्ट झालेल्या जुन्या तेलात त्याच्या खिट्ट्या अडकलेल्या असतात. तेलाच्या झाकणातून पातळ तेल सोडून चाक फिरवीत राहिल्यास त्या पुष्कळदा मोकळ्या होतात. नंतर योग्य यंत्रतेल थोडे थोडे नियमितपणे घालावे. स्वयंपाकाचे तेल वापरू नये, कारण ते सुकून चिकट होते. गतीची तार मध्य गतीत जुळवितात. उजव्या नटाच्या खिडकीतून पाहिले असता दर्शक दांडीची कड आसाच्या टोकाशी समपातळीत दिसली पाहिजे. हे जुळले नाही, तर मध्य व उच्च गतींमधील रिकाम्या स्थितीत पायटे एकाएकी निसटतात आणि उभा राहून जोर लावणारा स्वार दांड्यावर आदळतो. जुन्या त्रिगती सायकलीची जी दुष्कीर्ती झाली तिचे कारण बव्हंशी ही ढिली तारच होय.

क्रँक धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना हातोडीने काढताना क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा, अन्यथा धाव्यांच्या कटोऱ्यांना खळगे पडतात. दाबयंत्र वापरणे उत्तम. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी न बसविल्यास पायटे एका रेषेत येत नाहीत. रॅलेच्या अनेक सायकलींत तळधाव्यास इंचात २६ आटे असतात, तर इतरत्र २४ आटे रूढ होते. ते न पाहता दुसरा कटोरा बसविल्यास चौकटीचेच आटे नष्ट होतात. गंज काढण्यासाठी सौम्य ऑक्झॅलिक अम्ल वापरतात. ते विषारी असून काही रंगांवर परिणाम करते, म्हणून आधी लहानशा भागावर चाचणी घेणे व नंतर भाग स्वच्छ धुणे आवश्यक असते. चामडी खोगिरास मेणचट लेप अगदी बेताने लावावा. तेलात भिजविलेले चामडे लोंबते व पुन्हा ताणले जात नाही.

रंगाच्या बाबतीत जाणकारांत मतभेद आहे. काहींच्या मते सायकल कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी चकचकीत करावी. उलट पक्षाचे म्हणणे असे की, मूळ रंग एकदाच असतो. काळ्या मिन्यावरची सोनेरी रेघ, झिजलेले चिन्ह, दुकानाच्या पाटीवरची अक्षरे ही त्या वस्तूची कागदपत्रे होत व खरवडली की ती कायमची जातात. मालवाहू सायकलीच्या बाबतीत हा दुसरा विचार विशेष ग्राह्य आहे. ज्या दुकानाची दुसरी खूण उरलेली नाही, त्याचे नाव अनेकदा त्या पाटीवरच शिल्लक असते. म्हणून यंत्रभाग पूर्ण दुरुस्त करावे, गंज थांबवावा आणि रंग शक्य तितका राखावा, हा मध्यममार्ग श्रेयस्कर होय.

भारताशी संबंध : रॅले, हंबर, हर्क्युलस व फिलिप्स ही नावे भारतातही घरोघर परिचित होती. स्वातंत्र्यानंतर आसनसोल येथे सेन-रॅले व मद्रासजवळ टीआय सायकल्स (१९४९) यांनी इंग्लिश सहकार्याने निर्मिती सुरू केली. सेन-रॅले व मुंबईची हिंद सायकल्स या कंपन्यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. भारतीय काळी सायकल ही इंग्लिश रोडस्टरचीच वंशज असून दूधवाले व मुंबईचे डबेवाले यांनी तिला भक्कम कॅरियर जोडून मालवाहू बनविले. त्रिगती तुंबा मात्र येथे सामान्य सायकलीवर रुजला नाही. इंग्लंडमध्ये उत्पादन थांबल्यावरही २८ इंची टायर, सळईचे ब्रेक व त्यांचे सुटे भाग भारतात तयार होत राहिले. त्यामुळे ज्या देशाने ही सायकल भारताला दिली, तेथील जुन्या सायकली पुन्हा रस्त्यावर आणण्यास आता भारतीय भागांचा उपयोग होतो. भागांचे मुलामे व मापे मूळाशी तंतोतंत जुळतातच असे नाही. म्हणून मूळ भाग दुरुस्त होण्याजोगा असेल तोवर तो टाकू नये, हा जीर्णोद्धाराचा पहिला नियम येथेही लागू पडतो.