जूनच्या आधीची मिरची

पावसाचा सरकारी हिशेब १ जूनला उघडतो आणि ३० सप्टेंबरला मिटतो. धावड्याच्या मिरची उत्पादकाचं वर्ष त्याआधीच, ऐन उन्हाळ्यात सुरू झालेलं असतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचं हे उत्तरेचं टोक. वर अजिंठ्याचे डोंगर, पलीकडे बुलडाणा जिल्हा आणि जवळच हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं पिंपळगाव रेणुकाई. कापूस, सोयाबीन, मका या भागातही आहेतच; पण ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात थोडंफार पाणी टिकतं, तो मिरची लावून बघतोच.

कारण साधं आहे. सोयाबीनचा पैसा दसऱ्याच्या आसपास येतो, कपाशीचा दिवाळीच्या पुढे. खर्च मात्र जूनमध्येच अंगावर येतो. बियाणं, खत, मुलांची वह्या-पुस्तकं आणि मागच्या वर्षीची उधारी, सगळं एकदमच. गादीवाफ्यावर मल्चिंग अंथरून, ठिबकवर एप्रिल-मेच्या सुमारास लावलेली मिरची पावसाळ्याच्या तोंडाशी तोड्याला येते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात नगद पैसा आणते. हे पीक उभं आहे ते दोन पावसाळ्यांच्या मधल्या सांध्यावर: गेल्या पावसाळ्याचं उरलेलं पाणी आणि येणाऱ्या पावसाळ्याचा पहिला शिडकावा. हवामान बिघडलं की सगळ्यात आधी हाच सांधा निखळतो.

पहिली बाजू विहिरीची. मराठवाड्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. गाळाच्या प्रदेशासारखा खोल साठा इथं नाही. म्हणून एक पावसाळा हुकला की त्याचा परिणाम पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी दिसतो. २०१२च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, काहींनी त्या तोडून सरपण केलं. बाग उभी करायला लागलेली पाच-सात वर्षं त्यासोबत गेली. मिरची चार-सहा महिन्यांत हिशेब देते. पाण्याची खात्री नसलेल्या मुलखात तिच्याकडे ओढा असण्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

दुसरी बाजू उन्हाची. पारा ३५ अंशांच्या वर टिकून राहिला की मिरचीची फुलं गळू लागतात, परागकण नीट काम करत नाहीत. इथला मे महिना चाळिशीला सहज टेकतो. कोरड्या, तापल्या हवेत फुलकिडे आणि कोळी वाढतात, पांढरी माशी येते आणि तिच्यामागून पानं आकसवणारा चुरडा-मुरडा हा विषाणूजन्य रोग. झाडाला हा ‘बोकड्या’ आला, की फवारणीचा पंप पाठीवरून उतरतच नाही. विषाणूवर औषध नाही. फवारणी होते ती त्याला वाहून आणणाऱ्या किडीवर. खर्चाचा मोठा वाटा तिथंच जातो.

आणि पाऊस? २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. राज्यभर मे महिना भिजला. मृगाची वाट पाहणाऱ्याला हे वरदान वाटेल, पण शेतं तयार नव्हती, वाफसा येत नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्या शेतांत शिरल्या. मिरचीच्या मुळाशी पाणी साचून राहिलं की मर लागते. संध्याकाळी हिरवं असलेलं झाड दोन दिवसांत मान टाकतं. हिरव्याला भाव नसला तर मिरची झाडावर लाल होऊ द्यायची आणि वाळवून विकायची, ही जुनी सोय. पण वाळवायला ऊन लागतं. भाद्रपदातली झड चार दिवस लांबली, की पसरलेल्या मिरचीवर बुरशी चढते.

सरकारी मदतीच्या मापाची गंमत इथं येते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. धावडा हे असंच एक मंडळ. पण डोंगराच्या कुशीतला पाऊस मंडळाच्या हद्दी ओळखत नाही. एका शिवारात ओढा फुटतो आणि पर्जन्यमापक असतो दुसऱ्याच शिवारात. शिवाय रोज थोडा-थोडा पडून पीक सडवणारा पाऊस या मापात बसतच नव्हता. सततच्या पावसाला नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. उशिरा घेतला, पण घेतला. अंदाजाचंही असंच. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, तिच्या पीक-पाण्याच्या भाकितावर आजही चर्चा रंगतात. त्याला हसायचं कारण नाही. वेधशाळेचा अंदाज मोठ्या भागाचा असतो आणि शेतकऱ्याला हवा असतो आपल्या बांधाचा.

उपायांपैकी शेततळं सगळ्यांना ठाऊक आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीने आधी पाणलोटाची कामं केली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, मग शेततळी आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या केल्या. हा क्रम महत्त्वाचा. पुष्कळ ठिकाणी तो उलटा होतो: प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं खोदायचं आणि ते विहिरीच्या पाण्याने भरायचं. म्हणजे सावलीतलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, आणि शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही खाली न्यायची.

या सगळ्यात तोडणीवाल्या बायांचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी येतो. मिरचीची तोडणी बहुधा किलोवर असते. दिवसभर तोडल्यावर हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही. झड लागली की तोडा थांबतो, गाड्या थांबतात, मजुरी थांबते. नुकसान शेतकऱ्याचं झालं तर पंचनामा होतो, ३३ टक्क्यांची अट लागते, उशिरा का होईना मदत मिळते. तोडा बुडालेल्या मजूर बाईचा सात-बारा नसतो, त्यामुळे तिच्या बुडालेल्या दिवसांची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होत नाही. ती दुकानदाराच्या उधारीच्या वहीत होते.